प्रोग्रामची पुटपुट कुठे ठेवायची

पाटोद्याच्या बाजारात खताच्या दुकानावर एक पत्र्याची खोली आहे. तिथे बसून मी दूध डेअऱ्यांचं सॉफ्टवेअर लिहितो. पुण्यातली नोकरी सोडून आलो तेव्हा इथल्या लोकांनी परस्पर ठरवलं की याला काढून टाकलं असणार. मी कधी खुलासा केला नाही. तेव्हाच खुलासे करून दमलेलो होतो, आणि इथे येऊन आणखी दमलो. माझ्या प्रोग्रामचं काम तसं साधं आहे. संकलन केंद्रावर माणूस किटली घेऊन आला की वजनकाट्याकडून वजन घ्यायचं, मशीनकडून फॅट घ्यायची, पावती काढायची, आणि मोठ्या टाकीतलं दूध गार राहतंय का यावर लक्ष ठेवायचं. ते तो बिनबोभाट करतो. माझी झोप खाल्ली ती एका भलत्याच प्रश्नाने. तो प्रश्न मी घरात काढला की बायको भाजी निवडायला आत निघून जाते. प्रोग्रामचा लॉग कुठे लिहायचा?

लॉग म्हणजे काही अवघड प्रकरण नाही. कुठलाही प्रोग्राम चालू असताना आतल्या आत पुटपुटत असतो. काटा सापडला. फॅट मशीनने उत्तर दिलं नाही. पुन्हा विचारलं. आता दिलं. टाकी गार आहे. सगळं सुरळीत असलं की या पुटपुटीला कुणी विचारत नाही. काही बिघडलं की मात्र आधी तीच शोधायची असते, आणि नेमकी तेव्हाच ती सापडत नाही.

मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामांची यात चैन असते. ते खुशाल मोठ्याने बोलतात आणि ते ऐकायला दुसरे प्रोग्राम रात्रंदिवस कान लावून बसलेले असतात. गावातल्या टेबलावर, फॅट मशीनशेजारी चालणाऱ्या प्रोग्रामचं कोण ऐकणार? त्यात माझी केंद्रं म्हणजे तीन तऱ्हा. कुठे विंडोज, कुठे लिनक्स, कारण ते फुकट मिळतं, आणि एका चेअरमनसाहेबांनी हौसेने मॅक आणून ठेवलेला. विंडोजचं म्हणणं, प्रोग्राम जिथे बसवलाय तिथे लिहायचं नाही, वापरणाऱ्याच्या नावाने एक लपलेलं फोल्डर आहे, त्यात लिहा. लिनक्स म्हणतं, नावाच्या आधी टिंब असलेल्या फोल्डरात लिहा, आणि ते टिंबही लपवण्यासाठीच. मॅकचं लायब्ररी नावाचं फोल्डर आहे, तेही सहजासहजी दिसत नाही. या तिघांचं एरवी एकमेकांशी कशातच पटत नाही, पण पुटपुट माणसांच्या नजरेआड ठेवायची यावर तिघांचं एकमत आहे.

मी आधी ती नजरेसमोर ठेवून पाहिली होती. प्रोग्रामबरोबर एक काळी खिडकी उघडायची आणि तिच्यात ओळी पळत राहायच्या. लोक तिला घाबरले. एका केंद्रावर तर तिच्यावर कागद चिकटवला होता. बाकीच्यांनी फुली दाबून ती बंद केली, आणि तिच्याबरोबर प्रोग्रामही बंद झाला. मग मी शहाण्यासारखा शास्त्राप्रमाणे वागलो आणि लॉग त्या लपलेल्या फोल्डरांत नेऊन ठेवला. त्यानंतरची वर्षं माझी फोनवर गेली. "आता वरच्या पट्टीत क्लिक करा, नाही, त्याच्या वरच्या." पलीकडून आवाज यायचा, "सर, इथं असलं काईच न्हाई." मग मोटारसायकल काढायची आणि चकलांब्यापर्यंत जायचं, दोन मिनिटांची फाईल बघायला. पाठीचा मणका याच प्रश्नाने झिजला असं मी डॉक्टरला सांगितलं होतं. त्याने एक्स-रे काढायला लावला.

शेवटी मी सगळी पुस्तकं गुंडाळून ठेवली आणि लॉग सरळ डेस्कटॉपवर टाकला. उघड्यावर, वॉलपेपरमधल्या देवीच्या फोटोशेजारी. माझ्या धंद्यातल्या कुठल्याही माणसाने हे ऐकलं तर तो तोंड फिरवील. पण काम झालं. बिघाड झाला की लोक ती फाईल व्हॉट्सॲपवर पाठवू लागले. सुरुवातीला काही जण फाईलच्या चित्राचा मोबाईलने फोटो काढून पाठवायचे, तेही हळूहळू थांबलं. माझे पेट्रोलचे दिवस संपले. पुढची काही वर्षं मी जरा टेकून बसलो.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. दरवर्षी सगळ्या केंद्रांचे लॉग एकाच दिवशी नव्याने सुरू व्हायचे. तो दिवस खंडेनवमीचा, म्हणजे दसऱ्याच्या आदला. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा असते. कोयते घासतात, ट्रॅक्टर धुतात, काट्याला फुलं वाहतात, आणि काही वर्षांपासून त्यात कॉम्प्युटरही आला. कीबोर्डच्या फटीतलं हळदकुंकू काढणं हा माझा दसऱ्यानंतरचा ठरलेला उद्योग आहे. पण डेअरीवरची माणसं मनापासून करतात, नुसतं वरून फडकं मारून थांबत नाहीत. कॉम्प्युटरच्या क्लासात त्यांना शिकवलेलं असतं की डेस्कटॉप साफ ठेवावा आणि कचऱ्याची टोपली रिकामी करावी. म्हणून खंडेनवमीला कॉम्प्युटर आतूनही धुतला जातो. डेस्कटॉपवर असेल नसेल ते पुसायचं, टोपली रिकामी करायची आणि मग झेंडूचा हार घालायचा. माझा लॉग त्यात जायचा. मला त्यात वावगं वाटलं नाही. वर्षभराची पुटपुट वर्षाच्या सणाला गेली तर कुणाचं काय बिघडतंय?

मागच्या वर्षी बिघडलं.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी एका गावच्या चेअरमनचा फोन आला. मी नुकताच पुरणपोळीवरून उठलो होतो. गाव पाटोद्यापासून फार लांब नाही, केंद्र लिनक्सवर चालणारं. चेअरमन म्हणजे गावातला वजनदार माणूस, जमीनजुमला राखून असलेला, डेअरीचा अध्यक्ष आणि देवीच्या मंडळाचाही. आवाज कायम भाषणातला.

"साहेब, आमची सगळी टाकी गेली. दूध नासलं. आन् बाईनं कॉम्प्युटर पुसून काढलाय."

"पुसून म्हणजे?"

"पुसून म्हंजे पुसून. तुमची ती फाईलच न्हाई. कावून पुसला असंल, तुमीच सांगा."

बाई म्हणजे त्या केंद्राची ऑपरेटर. तिला मी चांगलं ओळखत होतो. माझ्या प्रोग्रामवर काम करणाऱ्यांत फोनवर नीट बोलणारी ती एकटी. काय झालं ते आधी सांगायची आणि रागावायची ती नंतर. दहावी झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. केंद्र सुरू होण्याआधी ती नवऱ्याबरोबर दरसाल ऊसतोडीला जायची. आमच्याकडे नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. ती डेअरीवर लागल्यापासून नवरा एकटाच, म्हणजे अर्धा कोयता म्हणून जातो, आणि अर्धा कोयता टोळीत घ्यायला मुकादम नाक मुरडतो. तरी दोघांनी ते निभावलं, कारण ती गावात राहिली की दोन्ही मुली गावात राहायच्या आणि शाळा सुटायची नाही. थोरली नववीला होती. डेअरीवरून तिला काढलं असतं तर दिवाळी झाली की पूर्ण कोयता कारखान्याच्या वाटेला लागणार आणि मुली फडावरच्या झोपडीत, पाचटाच्या कोपीत जाणार, हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. केंद्राची फरशी धुतलेली होती तरी आंबूस वास होताच. कॉम्प्युटरला झेंडूचा हार, एंटरच्या बटनावर कुंकवाचं बोट. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चेअरमन आणि कमिटीचे चार-पाच जण बसले होते. दारात शिपाई उभा, आणि ती रिकाम्या कॅनपाशी भिंतीला टेकून. मला पाहून तिने पदर सावरला, बोलली काही नाही. तिला बोलून झालं असावं.

झालं ते असं. अष्टमीच्या संध्याकाळी गावाचं दूध नेहमीसारखं टाकीत पडलं. टाकी गार करणारा कूलर कॉम्प्युटरवरच्या बटनाने चालू होतो. ती म्हणत होती, म्या बटन दाबलं आन् मग कुलूप लावलं. खंडेनवमीला सकाळी ती लवकर आली तेव्हा कूलर चालू होता आणि टाकी गार होती. तिने सकाळचं दूध त्यातच घेतलं, कॅन घासले, कॉम्प्युटर आतूनबाहेरून स्वच्छ केला, पूजा केली. मग टँकर आला. टँकरवाल्याने नमुना काढून तापवून पाहिला आणि दूध फाटलं. त्याने नळी गुंडाळली आणि तो निघून गेला. सगळी टाकी ओढ्यात ओतावी लागली.

"आमचं म्हणणं काय हाय," चेअरमन म्हणाले, "संध्याकाळी बटन दाबलंच न्हाई. सकाळी येऊन दाबलं. आन् मग सापडू नये म्हणून कॉम्प्युटर पुसला."

"दरसाल पुसते की," ती म्हणाली. "टँकर यायच्या आधी पुसला. दूध गेलंय हे मला तवा कुठं ठावं व्हतं?"

"तुला ठावं व्हतं का न्हाई ते आमाला कसं कळंल?"

कमिटीतल्या एकाने मान हलवली. मला त्या माणसाचा राग आला. तोच माणूस दर खंडेनवमीला घरी ट्रॅक्टर धुतो, मडगार्डखालचा चिखलसुद्धा काढतो. पण चिडून बोलायचंही आता जिवावर येतं. मी खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढे बसलो.

डेस्कटॉप लखलखीत होता. टोपली रिकामी. तिने तिचं काम चोख केलं होतं. मी उगाच दोनचार फोल्डर उघडून पाहिली, मागे सगळे बसलेत म्हणून. तिच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता. मग मला माझीच एक जुनी सवय आठवली. प्रोग्राम लिहिताना मी प्रत्येक ओळ फाईलमध्ये टाकतो, तशी तोंडानेही बोलायला लावतो, म्हणजे माझ्या खोलीत बसून मला ती पळताना दिसावी. काळी खिडकी मी काढली, पण ते बोलणं तसंच राहिलं होतं. विंडोजवर हे बोलणं हवेत विरतं. लिनक्स मात्र चोंबडं आहे, जो जो प्रोग्राम काही बोलेल ते सगळं ते स्वतःच्या दप्तरात टिपून ठेवतं. ते दप्तर डेस्कटॉपवर नसतं, आणि फडकं मारून पुसलंही जात नाही.

मी आज्ञा टाकली आणि अष्टमीची संध्याकाळ ओळीओळीने वर आली.

मला वाटलं होतं की सापडलं की बरं वाटेल. वाटलं नाही. मी दोनदा वाचलं आणि मला कळलं की आता हे मोठ्याने वाचावं लागणार आहे.

"संध्याकाळचं शेवटचं दूध पडल्यावर लगेच कूलरचं बटन दाबलेलं आहे," मी म्हणालो. "दूध गार व्हायला लागलं. पूर्ण गार व्हायच्या आत लाईट गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राहिला, कूलर बंद पडला. मग तापमान चढत गेलेलं आहे, थेट पहाटेपर्यंत. पहाटे लाईट आली, कूलर आपोआप सुरू झाला आणि सकाळपर्यंत नासलेलं दूध पुन्हा गार झालं."

मी खुर्ची त्यांच्याकडे फिरवली.

"लाईट गेली तर जनरेटर लावायचा असतो ना?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं, म्हणून विचारलं.

शिपाई दारातून बाहेर बघायला लागला. ज्याने मान हलवली होती त्याने खिशातून मोबाईल काढला. चेअरमन हार घातलेल्या कॉम्प्युटरकडे बघत राहिले. शेवटी तीच बोलली, आवाज न चढवता.

"म्हंजे देवीच्या मांडवात व्हतं ते आपलंच जनरेटर. ट्रॅक्टर लावून नेलं असंल."

"बाई," चेअरमन म्हणाले.

"अष्टमीची आरती व्हती. सगळं गाव अंधारात आन् मांडवात उजेड. म्या बी तिथंच व्हते, पोरींला घेऊन. पडद्यामागून आवाज येत व्हता, मला वाटलं मंडळानं भाड्यानं आणलं असंल. आपलं डेअरीवर चालू असंल." तिने खोलीतल्या एकेकाकडे पाहिलं. "तुमी समदे व्हता की उजेडात."

तेव्हा मला पटलं की मी तिथे येण्याची काही गरजच नव्हती. ती सोडून त्या खोलीतल्या प्रत्येकाला जनरेटर कुठे होता ते अष्टमीपासून माहीत होतं. शिपायाने स्वतः तो ट्रॉलीवर चढवायला हात लावला असणार. नासलेल्या टाकीचं कारण गावाने टाळ्या वाजवत, आरती म्हणत उभ्या उभ्या पाहिलं होतं, आणि दोन दिवस सगळे मिळून एका बाईला विचारत होते की तू फाईल का पुसलीस. मी फार थकलो. उठून जावंसं वाटलं.

चेअरमन असले प्रसंग पचवून बसलेला माणूस. त्यांनी घसा साफ केला आणि माझ्याकडे वळले.

"साहेब, एक सांगा. फाईल तर पुसली व्हती. मग हे कुठून काढलं?"

"सिस्टिमच्या आतून. ती तिचं तिचं लिहून ठेवते."

"म्हंजे आमाला न सांगता हे आतल्या आत लिहीत बसतंय व्हय?"

"हो, म्हणजे…"

"आजून काय काय लिहितंय?"

आणि बघता बघता खोलीचा नूर पालटला. वजनाचं लिहितंय का, फॅट कुणाची किती वेळा मोजली ते लिहितंय का, आमी इथं बोलतो ते लिहितंय का. मघापर्यंत मुके असलेले सगळे एकदम बोलायला लागले. आरोपी आता मी होतो, किंवा माझा प्रोग्राम, जो गावात राहून चोरून टिपणं काढत होता. मी म्हटलं, बोलणं लिहीत नाही. कुणाचा विश्वास बसला नाही. मला हसूही आलं आणि संतापही आला. पण खरं सांगायचं तर त्यांच्या म्हणण्यात चूक काढता येत नव्हती. पुटपुट लपवून ठेवायची हे माझ्या धंद्यातल्या शहाण्यांनीच ठरवलेलं आहे. लपवून लिहिलेलं वाचून दाखवलं की माणसं बिथरणारच.

चेअरमन मला बाहेर घेऊन गेले. टँकर उभा राहतो त्या मोकळ्या जागेत शिपायाने चहा आणून दिला आणि तो लगेच लांब गेला.

"बाईला ठेवायचं ना? तुमची बी तीच इच्छा दिसती."

"तिची चूक नाही."

"न्हाई म्हटलं ना मी. ठेवली बाईला. पर गावाला काईतरी सांगावं लागंल. वर दूध संघालाबी सांगावं लागंल. देवीच्या मांडवाचं नाव मधी आणता येत न्हाई, तुमीबी समजदार हायत." त्यांनी कप खाली ठेवला. "मशीनमधी बिघाड झाला म्हणतो. सॉफ्टवेअरमधी. मशीनला काय, कुणी वाळीत टाकत न्हाई."

एका बाजूला तिच्या मुली गावात राहणार होत्या, दुसऱ्या बाजूला माझं नाव जाणार होतं. नावाचं मी काही लोणचं घालणार नव्हतो. मी हो म्हणालो. तिथल्या तिथे त्यांनी मोबाईल तोंडाजवळ धरला आणि भाषणाच्या आवाजात गावच्या दूध उत्पादकांच्या ग्रुपवर बोलून टाकलं: सर्वांना नमस्कार, परवाच्या दिवशी सॉफ्टवेअरच्या बिघाडामुळं आपल्या टाकीचं नुकसान झालं, त्यात कुणाचाबी दोष न्हाई, इंजिनेर येऊन दुरुस्ती करून गेले. ते म्हणत होते तेव्हा इंजिनेर समोर उभा राहून चहा पीत होता. तो निरोप किती लांब गेला ते मला नंतर कळलं. महिनाभरात दुसऱ्या एका केंद्राने माझं सॉफ्टवेअर काढलं, आणि कडा गावाहून येऊ घातलेलं एक गिऱ्हाईक आलंच नाही.

आत गेलो तेव्हा ती एकटी होती. तिच्या हातात मोबाईल होता आणि त्यातून चेअरमनचा आवाज येत होता. तिने तो संपेपर्यंत ऐकला.

"सर, म्या बटन दाबलं व्हतं का न्हाई?"

"दाबलं होतं."

"मग यात ते कुठं हाय?"

मी सांगितलं की तुमची नोकरी राहिली, वाद मिटला, आता कुणी काही म्हणणार नाही. बोलताना माझा आवाज मलाच चेअरमनसारखा वाटला.

"नोकरी ऱ्हायली, लई बरं झालं," ती म्हणाली. "पोरी ऱ्हायल्या. पर दोन दिस झाले, मला नळावर बाया इचारायल्यात, बटन दाबायला इसरलीस का म्हणून. काल सासू बी म्हणली. आता म्हणतील मशीन बिघडलं म्हणून हिचं निभावलं." तिने डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती. तिला राग आला होता. "मला दाखवा ते. कुठं लिवलंय?"

मी खुर्ची तिला दिली आणि ती ओळ दाखवली. ओळ इंग्रजीत होती. तिने एकेक अक्षर लावत वाचली.

"हे डेअरी कोण?"

"ते या कॉम्प्युटरचं लॉगिन आहे. बटन कुणीही दाबलं तरी तेच नाव लागतं."

"म्हंजे माझं नाव न्हाई."

"नाही."

तिने त्या नावावर बोट ठेवलं. मी त्या बोटाकडे बघत होतो. मी वर्षानुवर्षं डोकं फोडलं ते फाईल कुठल्या फोल्डरात ठेवावी यावर. विंडोजचं काय म्हणणं, लिनक्सचं काय, मॅकचं काय. जी बाई रोज सकाळ-संध्याकाळ त्या प्रोग्रामपुढे बसते तिचं काय म्हणणं आहे, हे मी विचारलं नव्हतं. आणि आता विचारायचंही सुचलं नाही, तीच म्हणाली.

"मला वाचता येईल असं लिवायला लावा त्याला. मराठीत. आन् माझ्या नावानं. आन् आत कुठं न्हाई, इथं म्होरं, दूध घालायला येत्यात त्यांनाबी दिसंल असं."

"तुमचं कधी चुकलं तर तेही दिसेल."

"दिसू द्या की. न चुकता चुकलं म्हणतच व्हते."

मी दुपारभर तिथेच बसलो. आतलं दप्तर तसंच ठेवलं, फाईल डेस्कटॉपवरून काढली, आणि पडद्याच्या खालच्या बाजूला एक रुंद पट्टी केली, मोठ्या अक्षरांची. कामावर बसताना प्रत्येकाने आधी स्वतःचं नाव निवडायचं अशी सोय केली. आमच्या धंद्यातल्या जाणत्यांनी पाहिलं तर म्हणतील, ही कुठली पद्धत. माझ्यात आता त्यांच्याशी वाद घालण्याची ताकद नाही.

संध्याकाळी दूध सुरू झालं. निघायला उशीर झाला होता, पण चालतंय का ते बघायला मी कोपऱ्यात थांबलो. किटल्या घेऊन रांग लागली. रांगेत सकाळचा मान हलवणाराही होता, आणि दोन बायका मोबाईलवरच्या निरोपाबद्दल हळू आवाजात बोलत होत्या. ती कुणाशी बोलली नाही. पहिल्या काही किटल्या टाकीत पडल्यावर, आज शेवटच्या दुधापर्यंत न थांबता, तिने कूलरचं बटन दाबलं. पट्टीवर ओळ उमटली.

तिने काटा थांबवला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, शाळेत धडा वाचतात तशी, तिने ती ओळ वाचली. आधी स्वतःचं नाव, माहेरचं नाही, सासरचं पूर्ण. मग पुढचं वाचलं, "यांनी कूलर चालू केला."

त्या दोन बायकांनी माना वर करून पट्टीकडे पाहिलं.

"आन् जनरेटर आज इथंच हाय," ती म्हणाली. "या, पुढं कोण हाय?"